जीभ पाहून कोलेस्टेरॉल कळतं का?

पत्र: सप्रेम नमस्कार. आम्ही चार वर्षांपासून चीनमध्ये सुझोला राहतो. ह्यांचं वय ४४, नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. कंपनीतर्फे दरवर्षी तपासणी होते. यंदा एकूण कोलेस्टेरॉल ६.४, एलडीएल ४.२, ट्रायग्लिसराइड २.९ आणि एचडीएल ०.९५ आलं, चारही आकड्यांपुढे बाण. (आदल्या रात्री कंपनीचं जेवण होतं, तेही सांगून ठेवते.) नागपूरचे दीर म्हणतात, "सहा म्हणजे काहीच नाही, माझं दोनशे तीस आहे." त्याच हॉस्पिटलात चिनी वैद्यकाचा विभाग आहे. तिथल्या वैद्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, साठ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला आणि ह्यांची प्रकृती 'थान-शी' म्हणजे कफ आणि ओलाव्याची आहे असं सांगितलं. आपली कफप्रकृती म्हणतात तीच ना ही? त्यांनी चहाची पाकिटं आणि 'शुएझीकांग' नावाच्या लाल तांदळाच्या कॅप्सूल दिल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिलेली ॲटोर्व्हास्टॅटिनही घरात आहे, पण "वनस्पतीचं आहे ते घेऊ, केमिकल कशाला" असं ह्यांचं चाललंय. कधी कधी दोन्ही घेतात. गंमत म्हणून मीही फॉर्म भरला, माझी प्रकृती 'समतोल' निघाली, म्हणून मी रक्त काही दिलं नाही. मी ४१ वर्षांची, वजन ५२ किलो. माहेरी सगळे सडपातळच. बाबा मात्र ४८व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेले आणि दादाला पस्तिशीपासून कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, त्याच्या पापण्यांवर पिवळे डागही आहेत. मुलगी ११ वर्षांची. तर ह्यांनी काय करावं?
— सौ. म., सुझो

उत्तर: ताई, आधी दिरांचा हिशेब मिटवू. चीनमध्ये रक्तातली चरबी मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने गुणलं की आपल्याकडचा आकडा मिळतो. ट्रायग्लिसराइडला मात्र ८८.६ ने गुणायचं. त्या हिशेबाने यजमानांचं एकूण कोलेस्टेरॉल २४७, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १६२, एचडीएल (चांगलं म्हणतात ते) ३७ आणि ट्रायग्लिसराइड २५७. म्हणजे थोरल्या-धाकट्यांत फारसा फरक नाही आणि दिरांनीही निश्चिंत राहण्यासारखं काही नाही. नुसत्या एकूण आकड्यावरून फारसं कळत नाही, त्यांना त्यांचा एलडीएल विचारा. चीनमध्ये बिघाड कुठपासून धरतात हेही लिहून ठेवा: एकूण कोलेस्टेरॉल ६.२ किंवा जास्त, एलडीएल ४.१ किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड २.३ किंवा जास्त, आणि एचडीएल १.० च्या खाली. यजमान चारही ठिकाणी रेषेपलीकडे आहेत. घाबरून जावं इतके नाहीत, पण सोडून द्यावं असंही नाही.

आता थान-शी. तुम्ही दोघांनी भरला तो फॉर्म बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातले प्राध्यापक वांग छी यांच्या कामातून आला आहे. त्यांनी नऊ प्रकृती मांडल्या. एक समतोल, आणि बाकीच्या आठ कुठे ना कुठे कललेल्या: ची (प्राणशक्ती) कमी, यांग (शरीरातली ऊब) कमी, यिन (शरीरातला गारवा) कमी, कफ-ओलावा, ओल आणि उष्णता, रक्त साकळलेली, ची तुंबलेली आणि ॲलर्जीकडे झुकणारी खास प्रकृती. २००९ मध्ये चिनी वैद्यकाच्या राष्ट्रीय संघटनेने ही वर्गवारी प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून ती तपासणी केंद्रांत पोचली. माणसांचे प्रकार पाडण्याची हौस तिथे फार जुनी. 'लिंगशू' या प्राचीन ग्रंथात २५ प्रकारची माणसं वर्णिली आहेत, आणि युआन काळातले वैद्य जू दानशी (१२८१–१३५८) यांनी लठ्ठ माणसात ओलावा जास्त आणि बारीक माणसात अग्नी जास्त असं म्हणून ठेवलंय. कोलेस्टेरॉल ही चीज मात्र त्यांच्यापैकी कुणाच्याही समोर नव्हती. 'चरबी वाढली म्हणजे कफ साचला' ही सांगड अलीकडच्या काळात घातलेली आहे.

त्या फॉर्मातला थान-शीचा भाग जवळून पाहा. प्रश्न आठच. छातीत किंवा पोटात गच्च वाटतं का? अंग जड वाटतं का? पोट मऊ, सुटलेलं आहे का? कपाळ तेलकट होतं का? वरच्या पापण्या सुजल्यासारख्या वाटतात का? तोंड चिकट होतं का? घशाशी कफ राहतो का? जिभेवर जाड थर असतो का? 'कधीच नाही'ला १ गुण, 'नेहमी'ला ५. बेरजेतून ८ वजा करायचे, उरलेल्याला ३२ ने भागायचं, १०० ने गुणायचं. उत्तर ४० किंवा जास्त आलं की ती प्रकृती, ३० ते ३९ म्हणजे तिकडे कल. आता एखाद्याने आठही प्रश्नांना गुळमुळीत 'कधी कधी' म्हटलं, म्हणजे प्रत्येकी ३, तर बेरीज २४ आणि गुण ५०. झाला थान-शी! प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल असतात हे खरं, पण जून-जुलैत सुझोला तो चिकट 'मेइयू' पाऊस पडत असतो तेव्हा फॉर्म भरला, तर अंग जड वाटत नाही असं म्हणणारा कोण निघेल?

कफप्रकृती आणि ही एकच नव्हे. आयुर्वेदात देहप्रकृती गर्भातच ठरते आणि जन्मभर सोबत राहते असं मानतात. वांग छी यांच्या मांडणीत जन्माचा वाटा असतो, पण खाणंपिणं, वय, हवापाणी, बैठं काम यांनी प्रकृती घडते आणि ती सुधारताही येते. थान-शीचं वर्णन मला तरी कफप्रकृतीपेक्षा आपल्याकडच्या मेदोरोगाच्या जवळचं वाटतं. तेव्हा यजमान 'माझी प्रकृतीच तशी' म्हणून हात झटकू लागले, तर त्यांच्याच वैद्यांचं शास्त्र त्यांना तशी मुभा देत नाही हे सांगा.

फॉर्म आणि रक्त यांचा काही संबंध आहे का? आहे. चीनमध्ये तपासणीला आलेल्या लोकांचे फॉर्म आणि रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवून केलेले बरेच अभ्यास आहेत, आणि थान-शी गटात वजन, रक्तातली चरबी, साखर यांची गडबड जास्त असते असं त्यांत वारंवार दिसलं आहे. मला यात नवल वाटत नाही, कारण फॉर्म पोटाबद्दलच विचारतो. पोटाचा घेर वाढला की यकृत जास्त ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं आणि त्याच्यापाठोपाठ एचडीएल उतरतं. शिंप्याची टेपही तेवढंच सांगते. भारतीय पुरुषाला कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, स्त्रीला ८०. शिवाय फॉर्म आणि रक्त एकाच दिवशी घेतल्यावर आधी काय झालं आणि कशामुळे काय झालं, हे त्यातून ठरत नाही.

एलडीएलची गोष्ट निराळी. ते रक्तातून उचलायचं काम यकृताच्या पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) करतात. हे शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. हे ग्राहक जन्मतःच कमी असतील, तर माणूस कितीही सडसडीत असो, एलडीएल रक्तात साठत राहतं. जीभ स्वच्छ, झोप छान, पोट सपाट, आणि एलडीएल २२० असं सहज असू शकतं.

आणि म्हणूनच ताई, यजमानांपेक्षा मला तुमची जास्त काळजी वाटते. वडील ४८व्या वर्षी गेले, भावाला पस्तिशीत गोळी सुरू झाली, पापण्यांवर पिवळे डाग. या तिन्ही गोष्टी एका घरात म्हटल्या की फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं जास्त कोलेस्टेरॉल, आहे का हे पाहावंच लागतं. हे काही दुर्मिळ नाही. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी. भावाला आलं म्हणजे तुम्हालाही आलंच असं नाही, पण 'समतोल' शिक्क्यावरून ते आलं नाही असंही म्हणता येत नाही. त्या साठ प्रश्नांत दम लागतो का, झोप लागते का, थंडी सोसते का, असं सगळं आहे. वडील कितव्या वर्षी गेले हे कुणी विचारलेलं नाही. बायकांना पाळी जाईपर्यंत काही होत नाही, हा आपल्याकडचा दिलासाही या आजाराला लागू पडत नाही.

तेव्हा याच आठवड्यात रक्त द्या. लिपिड प्रोफाइल, सोबत थायरॉइड, आणि मिळत असेल तर लायपोप्रोटीन (ए). ही शेवटची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण तो आकडा बहुतांशी वारशानेच ठरतो. दादाला फोन करून गोळी सुरू होण्याआधीचा त्याचा रिपोर्ट शोधायला सांगा. आत्ताचा उपयोगाचा नाही, गोळीने तो खाली आलेला असणार. तुमचा एलडीएल ४.९ च्या पुढे, म्हणजे आपल्याकडचा १९० च्या पुढे निघाला, तर चहाबिहाच्या भानगडीत न पडता थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. ते टाचेच्या वरचा जाड स्नायुबंध चाचपून पाहतील, तिथे गाठी आहेत का म्हणून. मुलीची तपासणी तेव्हा लगेच करायची. ११ हे त्यासाठी योग्य वय आहे, लहान नाही. आणखी एक: मूल हवं असा विचार अजून असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्या काळात सहसा बंद ठेवतात.

आता यजमानांच्या कॅप्सूलकडे येऊ. तिथे त्यांची चक्क फसगत झाली आहे. शुएझीकांग बनतं 'होंगछू'पासून. तांदळावर मोनास्कस नावाची बुरशी वाढवून केलेला लाल तांदूळ. चिनी स्वयंपाकात तो रंगासाठी शतकानुशतकं वापरतात, आणि मिंग काळातल्या ली शिझेनच्या 'बेनत्साओ गांगमू' या औषधकोशातही तो आहे. १९७९ मध्ये अकिरा एन्दो या जपानी शास्त्रज्ञाने याच जातीच्या बुरशीतून 'मोनाकोलिन के' नावाचं द्रव्य वेगळं काढलं. तेच द्रव्य अमेरिकेत दुसऱ्या बुरशीतून मिळालं आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन या नावाने बाजारात आलं, बाजारात आलेली पहिली स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ज्या जातीत ॲटोर्व्हास्टॅटिनही येते ती. शुएझीकांगच्या एका कॅप्सूलमध्ये ते सुमारे अडीच मिलिग्रॅम असतं. नेहमीचा डोस सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या घरात. थोडक्यात, केमिकल नको म्हणून यजमान जे घेतात ते स्टॅटिनच आहे.

कॅप्सूल कुचकामी आहे असं माझं म्हणणं नाही. चीनमध्ये आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या ४८७० रुग्णांना सरासरी साडेचार वर्षं शुएझीकांग किंवा खोटी कॅप्सूल देऊन पाहिलं, निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. पुन्हा मोठा झटका येण्याचं किंवा हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण खोट्या कॅप्सूलच्या गटात १०.४ टक्के होतं, शुएझीकांगच्या गटात ५.७. चांगलाच फरक. तिथले डॉक्टर ती रीतसर चिठ्ठीवर देतात ते उगाच नाही. पण हे रुग्ण प्रकृती पाहून निवडलेले नव्हते.

धोका आहे तो 'कधी कधी दोन्ही' या तीन शब्दांत. एकाच जातीची दोन औषधं एकदम पोटात गेली की स्नायूंना त्रास होण्याची शक्यता वाढते. मांड्या-दंड दुखणं, जिना चढताना पाय भरून येणं. लघवी चहासारखी गडद झाली तर दोन्ही थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सर्दी-खोकल्यावर कुणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं किंवा नायट्यावर इट्राकोनाझोल, तर स्टॅटिन चालू आहे हे सांगायलाच हवं. ग्रेपफ्रूट टाळा, आणि हिवाळ्यात तिकडे ढिगाने मिळणारं 'यौझी', म्हणजे आपलं पपनस, तेही बेताने खा. दोन्ही औषधं घेऊन एकाच डॉक्टरांसमोर बसा आणि 'यातलं एक ठेवा' म्हणून सांगा. कोणतं ठेवायचं हे त्यांनी ठरवावं. एलडीएल किती उतरवायचं आहे यावर ते ठरतं, आणि ॲटोर्व्हास्टॅटिन त्यात जास्त जोरकस आहे.

ऑनलाइन मिळणारी लाल तांदळाची पावडर मात्र घरात आणू नका. त्यात औषध किती हे कुणी मोजलेलं नसतं आणि बुरशीची विषंही येऊ शकतात. २०२४ मध्ये जपानमध्ये अशाच लाल तांदळाच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडं बिघडली, लोकांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. दुसऱ्याच एका बुरशीने त्या मालात शिरकाव केला होता.

चहाच्या पाकिटात काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही. अशा चहात बहुधा शानझा असते (तिकडे पाकात घोळवून काडीवर लावलेली लाल फळं विकतात ना, तीच), कमळाचं पान आणि 'जुएमिंगझी'. ही जुएमिंगझी म्हणजे टाकळ्याच्या बिया, किंवा टाकळ्याच्या सख्ख्या बहिणीच्या. कोकणात पहिल्या पावसानंतर ज्याची कोवळी भाजी करतात तोच टाकळा. बियांनी पोट सैल होतं, रोज प्यायल्या तर जुलाबही लागतात, आणि पोट साफ झाल्याचं सुख हे चरबी उतरल्याचं लक्षण नाही. बिनसाखरेचा एखादा कप चालेल. पाकिटावर 'हे-शौ-वू' असेल तर मात्र नको. त्याने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत आणि चीनच्या औषध नियामकानेच २०१४ मध्ये तसा इशारा दिला होता. ज्येष्ठमध, चिनीत 'गानत्साओ', जवळपास प्रत्येक काढ्यात असतो. यजमानांचा रक्तदाब वाढलेला असेल तर तो कमी ठेवायला वैद्यांना सांगा. अक्षरं वाचता येत नसतील तर पाकिटाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. ॲक्युपंक्चर, कपिंग याने बरं वाटत असेल तर करू द्या, एलडीएलचा भार त्यावर टाकू नका.

वैद्यांचा खाण्याचा सल्ला मात्र मी डोळे मिटून मान्य करीन. थान-शीला गोड, तेलकट, दारू वर्ज्य. पोट थोडं रिकामं ठेवून उठायचं. कोहळा, राजगिऱ्यासारख्या पालेभाज्या, कडधान्यं खायची. घाम येईपर्यंत चालायचं. यातलं एकही वाक्य कुठल्याही आहारतज्ज्ञाला खटकणार नाही. अडचण अशी की सुझोचं जेवण सगळ्या चीनमध्ये गोडासाठी प्रसिद्ध. भाजी-मांसातही साखर, शिवाय मूनकेकात डुकराची चरबी. त्यात आपण भारतातून येताना बॅग भरून फरसाण, चकल्या, बाकरवड्या नेतो. यजमानांच्या २.९ ट्रायग्लिसराइडमागे हे सगळं आहे, आणि आदल्या रात्रीचं ते कंपनीचं जेवणही. तुम्ही सभ्यपणे नुसतं 'जेवण' लिहिलंत, पण तिकडच्या कंपनीच्या जेवणात 'गानबेई' म्हणत बायज्यूचे पेले रिकामे करावे लागतात हे मी ऐकून आहे. दारूनंतर दुसऱ्या दिवशीचं ट्रायग्लिसराइड फुगलेलं येतं. एलडीएल एका रात्रीत असं वर जात नाही, त्यामुळे ४.२ ला ती सबब चालणार नाही.

तेव्हा तीन दिवस दारू नाही, आदल्या रात्री साधं जेवण, मग बारा तास फक्त पाणी, आणि लिपिड पुन्हा करा. सोबत एचबीए१सी (साखरेसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि यकृताची तपासणी सांगा, कारण लपलेला मधुमेह किंवा मंद थायरॉइड असेल तर चरबी त्यामुळेच वाढलेली असू शकते. रक्तदाब मोजा, सिगारेट ओढत असतील तर ते लपवू नका. यजमानांच्या आईवडिलांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तेही डॉक्टरांना सांगा. मधुमेह निघाला तर गोळी टाळता येणार नाही. काहीच निघालं नाही, तर तीन महिने खाणं-चालणं नेटाने करून मग ठरवू का, असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. काही जण हो म्हणतील, काही नाही म्हणतील. गोळी सुरू केलीच तर सहा-आठ आठवड्यांनी आकडे पुन्हा पाहायचे. आणि चिनी वैद्यांनाही ॲटोर्व्हास्टॅटिनचं नाव लिहून द्या. दोन्ही विभाग एकाच इमारतीत असले तरी एकाची चिठ्ठी दुसरा वाचतोच असं धरून चालू नका.